निर्वासितांचा भार : दान नव्हे, देणे



तुमच्या घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारा. त्यांच्यापैकी अनेकांना १९७१ च्या नोव्हेंबरमधील एक गोष्ट आठवत असेल. पाकिटावर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचे आणखी एक तिकीट लावावे लागे. पूर्व बंगालमधील कत्तलीतून जीव वाचवून आपल्या देशात आलेल्या निर्वासितांच्या मदतीसाठी सरकारने बसविलेला तो कर होता, आणि १९७३ च्या मार्चअखेरपर्यंत तो चालू राहिला. मुंबईच्या गिरणीत राबून गावी पत्र धाडणाऱ्या कामगाराने तो भरला, तसाच पेढीवरच्या शेटजीनेही भरला.

ते पाच पैसे देणे योग्यच होते, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. परंतु त्या तिकिटाने एक प्रश्न मागे ठेवला आणि तो आजतागायत सुटलेला नाही. जीव घेऊन पळणाऱ्या माणसाला आसरा देणे हे सर्व मानवजातीचे कर्तव्य आहे, असे जग म्हणते. मग त्या कर्तव्याचा खर्च केवळ शेजाऱ्याच्याच माथी का बसावा?

१९७१ साली सुमारे एक कोटी माणसे सीमा ओलांडून आली. त्रिपुरा हा तेव्हा लहानसा केंद्रशासित प्रदेश होता. त्याची स्वतःची लोकसंख्या साडेपंधरा लाखांच्या घरात होती, आणि तेथे आलेल्या निर्वासितांची संख्या सुमारे चौदा लाखांपर्यंत पोहोचली. प्रत्येक घरात जितकी माणसे, जवळजवळ तितकेच पाहुणे, आणि तेही दोन दिवसांचे नव्हेत! शाळा छावण्या झाल्या. पटकीची साथ पसरली. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस ऊ थांट यांनी जगाला मदतीचे आवाहन केले. मदत आली, पण ती खर्चाला पुरी पडली नाही. उरलेला भार भारताच्या तिजोरीवर, म्हणजे त्या पाच पैशांच्या तिकिटावर पडला. बांगलादेश स्वतंत्र झाला आणि १९७२ च्या आरंभी बहुसंख्य निर्वासित परतले, म्हणून तो भार उतरला.

काळाचा फेरा असा की, १९७१ साली ज्यांची माणसे निर्वासित होऊन आपल्याकडे आली, त्याच बांगलादेशाच्या दारात आज दुसरे निर्वासित बसले आहेत. ब्रह्मदेशाच्या, म्हणजे आजच्या म्यानमारच्या, आराकान प्रांतातील रोहिंग्या हे मुसलमान लोक. १९७८ साली आणि पुन्हा १९९१-९२ साली ते लाखांच्या संख्येने हाकलले गेले. १९८२ च्या नागरिकत्वाच्या कायद्याने त्यांना स्वतःच्या जन्मभूमीतच परके ठरविले. २५ ऑगस्ट २०१७ रोजी काही सशस्त्र रोहिंग्यांनी पोलीस चौक्यांवर हल्ले केले. त्याचे निमित्त करून लष्कराने साऱ्या जमातीवर सूड उगविला. गावेच्या गावे जाळली गेली आणि थोड्याच महिन्यांत सात लाखांहून अधिक माणसे नाफ नदी व डोंगर ओलांडून बांगलादेशात आली. आधीचे मिळून ही संख्या दहा लाखांच्या आसपास गेली. २०२४ च्या आरंभापासून दीड वर्षात आणखी सुमारे दीड लाख आले.

हा सर्व लोंढा मुख्यतः कॉक्स बाजार जिल्ह्यातील उखिया आणि टेकनाफ या दोन तालुक्यांत सामावलेला आहे. त्यातील कुतुपालोंगची छावणी ही जगातील सर्वांत मोठी निर्वासित छावणी मानली जाते. ज्या देशात दर चौरस किलोमीटरला हजाराहून अधिक माणसे राहतात, त्या देशाचा हा एक गरीब कोपरा. या दोन तालुक्यांत आज स्थानिक रहिवाशांपेक्षा निर्वासितांचीच संख्या जास्त आहे. झोपड्यांसाठी आणि चुलीतील लाकडासाठी हजारो एकर जंगल तुटले. रानहत्तींच्या वाटेवरच वस्ती उभी राहिली. पुढे २०१८ पासून स्वयंपाकाचा गॅस वाटण्यास आरंभ झाला, तेव्हा कोठे कुऱ्हाड थोडी थांबली. टेकनाफमध्ये गोड्या पाण्याची टंचाई आधीचीच. तिच्यावर लाखो तोंडांचा ताण पडला. मजुरीचा दर उतरला, बाजारातील भाव चढले.

वाचकहो, येथे आपण एक चूक करता कामा नये. उखियाचा शेतमजूर जेव्हा म्हणतो की, ‘हे लोक आल्यापासून माझी मजुरी बुडाली’, तेव्हा तो खोटे बोलत नाही. दूर बसून त्याला माणुसकीचे धडे देणे सोपे आहे. २०१७ च्या त्या पावसाळ्यात सरकारी मदत पोहोचण्यापूर्वी आपल्या अंगणात निर्वासितांना बसवून भात वाढणारी माणसे त्याच्याच गावची होती. त्याची तक्रार निर्दयपणाची नाही. ती हिशेबाची आहे. त्याच्यावर अन्याय झाला आहे, हे कबूल केलेच पाहिजे. प्रश्न इतकाच की, तो अन्याय कोणी केला? शेजारच्या झोपडीतील रोहिंग्याने, की त्या दोघांना एकाच अपुऱ्या विहिरीवर आणून सोडून देणाऱ्या जगाच्या व्यवस्थेने?

ती व्यवस्था कशी आहे, ते नीट समजून घ्या. निर्वासितांसंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार १९५१ साली झाला. त्याच्या तेहेतिसाव्या कलमात असा नियम आहे की, ज्या ठिकाणी माणसाच्या जिवाला वा स्वातंत्र्याला धोका आहे, तेथे त्याला परत लोटू नये. हा नियम करारावर सही करणाऱ्यांना बंधनकारक आहे. आणि सही न करणाऱ्यांनीही तो पाळलाच पाहिजे, असे जग मानते. भारताने आणि बांगलादेशानेही या करारावर सही केलेली नाही. आसरा दिल्याने काही देशांवर फाजील भार पडेल आणि आंतरराष्ट्रीय सहकार्याखेरीज त्यावर उपाय नाही, ही गोष्टही त्या करारात मान्य केलेली आहे. पण ती कोठे? प्रास्ताविकात! तेथे ती सदिच्छा म्हणून शोभून दिसते. शेजाऱ्याच्या कर्तव्याला कलम मिळाले. दूरच्या धनिकाच्या कर्तव्याला केवळ प्रस्तावना मिळाली.

पैशाची कथाही तीच. निर्वासितांसाठी संयुक्त राष्ट्रांनी जे उच्चायुक्तांचे कार्यालय उभारले, त्याच्या १९५० च्या घटनेतच असे लिहिले आहे की, कार्यालयाचा प्रशासकीय खर्च तेवढा संयुक्त राष्ट्रांच्या तिजोरीतून करावा आणि बाकी सर्व कामासाठी देशांच्या ऐच्छिक देणग्यांवर अवलंबून राहावे. २०१८ च्या डिसेंबरात निर्वासितांसंबंधी एक जागतिक मसुदा आमसभेने प्रचंड बहुमताने मान्य केला. जबाबदारी वाटून घ्यावी, हेच त्याचे मुख्य सूत्र आहे. परंतु तो कोणावरही कायद्याने बंधनकारक नाही.

काम सक्तीचे आणि मोबदला मर्जीचा! ही रीत आपल्या ओळखीची नाही काय? महारवतन म्हणजे दुसरे काय होते? सरकारी टपाल नेणे, अंमलदाराच्या घोड्यापुढे धावणे, मयताचा सांगावा पोहोचविणे, गावची वेस राखणे, ही सारी कामे आपल्या वाडवडिलांवर सक्तीची होती. एक माणूस नसला तर घरातील दुसऱ्याने जायचे. आणि त्याबद्दल मिळणारे बलुते? ते शेतकऱ्याच्या मर्जीवर. राजी असला तर खळ्यावर चार पायल्या टाकी, गैरमर्जी झाली तर हात आखडी. हक्क मागितला की बलुते बंद, हा तर गावकीचा ठरलेला बडगा होता.

बाबासाहेबांनी या रीतीचे मर्म नेमके ओळखले होते. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी मुंबई कायदे मंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे बिल मांडले. महारांना अधिक बलुते द्या, अशी दयेची याचना त्यात नव्हती. बलुत्याचे रोख देण्यात रूपांतर करावे आणि ते सरकारने सक्तीने वसूल करून द्यावे, अशी मागणी होती. घेणाऱ्याने देणाऱ्याच्या दारात जाऊन हात पसरण्याची पद्धतच मोडावी, हा तिचा हेतू होता. शेवटी १९५८ च्या कायद्याने ती वतने गेली. आज आसरा देणाऱ्या गरीब देशांच्या गळ्यात मात्र जगाने तेच जोखड अडकविले आहे. २०२४ च्या अखेरीस जगात १२ कोटी ३० लाखांहून अधिक माणसे बळाने विस्थापित झालेली होती. त्यांपैकी जे देशाबाहेर पडले, त्यांच्यातील शंभरांपैकी त्र्याहत्तर अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होते, आणि सदुसष्ट शेजारच्याच देशांत होते. जगाची गावकी कोण करतो, हे या आकड्यांवरून उघड होते.

आणि बलुते मर्जीचे असले म्हणजे काय होते, ते कॉक्स बाजारमध्ये पाहा. छावणीतील माणसाला अन्नासाठी दरमहा बारा डॉलर किमतीचा शिधा मिळत असे. देणग्या आटल्या, म्हणून मार्च २०२३ मध्ये तो दहा डॉलरवर आणि जूनमध्ये आठ डॉलरवर आला. आठ डॉलर म्हणजे दिवसाला सुमारे पाव डॉलर! पुढे तो हळूहळू पूर्ववत झाला. मार्च २०२५ मध्ये तो निम्मा, म्हणजे सहा डॉलर करावा लागेल, असे पुन्हा जाहीर झाले आणि काही आठवड्यांत तो निर्णय फिरला. दहा लाख माणसांनी पुढच्या महिन्यात काय खावे, हे त्यांच्या भुकेवर ठरले नाही. दूरच्या राजधानीतील कोणाच्या तरी मर्जीवर ठरले. त्याच वर्षी छावण्यांतील मुलांची शिक्षणकेंद्रे पैशाअभावी बंद ठेवावी लागली आणि तेथे शिकविणाऱ्या हजाराहून अधिक स्थानिक शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. यजमान आणि पाहुणा दोघेही एकाच वेळी उघड्यावर आले. म्हणूनच आम्ही म्हणतो की, यजमानाचे हित एक आणि निर्वासिताचे हित दुसरे, अशी फूट पाडणारे लोक खऱ्या कर्जदाराला लपवीत आहेत.

हा भार वाटून घेणे अशक्य आहे, असे कोणी म्हणेल, तर इतिहास त्याला खोटे ठरवील. १९५६ साली हंगेरीतील उठाव रशियन रणगाड्यांनी चिरडला तेव्हा सुमारे दोन लाख माणसे पळाली, त्यांपैकी बहुतेक ऑस्ट्रियात गेली. ऑस्ट्रिया नुकताच परकीय सैन्याच्या ताब्यातून मोकळा झालेला लहान देश. परंतु तीसहून अधिक देशांनी त्या निर्वासितांना आपापल्याकडे नेले आणि त्यांपैकी बऱ्याच जणांना तर काही महिन्यांतच. १९७९ साली व्हिएतनामातून होड्यांत बसून निघालेल्या लोकांना शेजारचे देश किनाऱ्यावरून समुद्रात परत लोटीत होते. त्या जुलैत जिनीव्हा येथे परिषद भरली. दूरच्या देशांनी दोन लाख साठ हजार माणसांना वसविण्याचे वचन दिले, आणि त्या बदल्यात शेजाऱ्यांनी निदान तात्पुरता आसरा देण्याचे मान्य केले. वाटणी निश्चित झाली की शेजाऱ्याचे दार उघडते, हा त्याचा धडा आहे.

याउलट जुलै १९३८ मधील एव्हियानची परिषद आठवा. हिटलरच्या जाचातून सुटू पाहणाऱ्या ज्यूंसाठी बत्तीस देश जमले. सहानुभूतीची भाषणे झाली. पण एखाददुसरा अपवाद वगळता दार कोणीच उघडले नाही. त्यानंतर त्या ज्यूंचे काय झाले, ते सांगण्याची आवश्यकता नाही.

आता कोणी म्हणेल की, हंगेरी आणि व्हिएतनामच्या वेळी पाश्चात्त्य देशांचा स्वार्थ होता. साम्यवादाविरुद्धचे राजकारण होते. बरोबर आहे. तो तर आमच्याच म्हणण्याचा पुरावा झाला! मर्जीतल्याला बलुते भरपूर आणि नावडत्याला कोरडा नकार, हीच ती रीत. ज्या निर्वासितामागे कोणाचे राजकारण नाही, त्याला म्हणूनच नियमाची गरज अधिक आहे.

तो नियम असा असावा. पहिली गोष्ट, खर्चाची वाटणी ऐच्छिक न ठेवता प्रत्येक देशाच्या ऐपतीप्रमाणे ठरवून बांधून द्यावी. हे नवे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा खर्च सदस्य देशांवर ठरावीक प्रमाणात आकारला जातो. ते देणे पुष्कळदा थकते हे खरे. पण थकलेले देणे थकबाकी म्हणून मागता येते, न दिलेली देणगी मागता येत नाही. सैनिकांसाठी जे प्रमाण बसविता येते, ते मुलांच्या शिध्यासाठी का बसविता येऊ नये? दुसरी गोष्ट, केवळ पैसा पुरेसा नाही. ठरावीक संख्येने निर्वासितांना आपल्या देशात वसविण्याची जबाबदारीही प्रत्येक समर्थ देशाने घेतली पाहिजे. मार्च २०१६ मध्ये युरोपीय संघाने तुर्कस्तानशी जो करार केला, त्यात काही सीरियन निर्वासितांना युरोपात नेण्याचे कलम होते. पण मुख्य भर होता तो अब्जावधी युरो देऊन बाकीच्यांना तेथेच थोपविण्यावर. पैसे टाकून माणसे आपल्या वेशीबाहेर ठेवणे म्हणजे जबाबदारी वाटून घेणे नव्हे. वेशीबाहेर ठेवणे म्हणजे काय, ते आपल्याला कोणी शिकवावयास नको. तिसरी गोष्ट, या पैशाचा एक निश्चित हिस्सा यजमान गावाच्या विहिरीला, शाळेला, दवाखान्याला आणि जंगलाला मिळाला पाहिजे. म्हणजे उखियाच्या शेतमजुराला आपल्या माणुसकीचा दंड भरावा लागणार नाही.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आम्ही ‘भार’ हा शब्द वापरला. पण माणूस जन्मतः भार नसतो. हात बांधून ठेवले की तो भार होतो. छावणीतील रोहिंग्याला कायदेशीरपणे नोकरी-धंदा करण्याची मोकळीक नाही. छावण्यांभोवती काटेरी तारांचे कुंपण आहे. मार्च २०२१ मध्ये छावणीला भयंकर आग लागली आणि हजारो झोपड्या खाक झाल्या, तेव्हा त्या कुंपणामुळे पळणाऱ्यांची वाट अडल्याचे वाचलेल्यांनीच सांगितले. बांगलादेशाची ही धोरणे चुकीची आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. आफ्रिकेतील युगांडा हा देश बांगलादेशाहूनही गरीब. परंतु २००६ च्या कायद्याने त्याने निर्वासितांना काम करण्याचा आणि फिरण्याचा हक्क दिला, आणि वसाहतींतून कसण्यासाठी जमिनीचा तुकडाही दिला. तथापि तेथेही जगाची मदत आटली आहे, शिधा कापला गेला आहे. चांगला यजमानही एकटा किती दिवस तग धरणार?

शेवटी एक कटू गोष्ट. बंधुभगिनींनो, तिच्याकडे पाठ फिरविणे आपल्याला शोभणार नाही. रोहिंग्यांना ज्या देशातून हाकलले, तो बहुसंख्य बौद्धांचा देश आहे. डिसेंबर १९५४ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब रंगूनला गेले होते, तोच हा देश. तेथे काही चीवरधाऱ्यांनीही द्वेषाची भाषणे केली. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २३ जानेवारी २०२० रोजी, रोहिंग्यांचे रक्षण करण्यासाठी उपाय योजावेत, असा आदेश म्यानमारला एकमताने दिला. ‘ते आपल्याच धम्माचे लोक आहेत, मग आपण कशाला बोला?’ असे ज्याला वाटेल, त्याने स्वतःला एक प्रश्न विचारावा. आपण धम्म कशासाठी स्वीकारला? जन्मावरून माणसाला परका ठरविणारी रीत सोडण्यासाठी की ती वेगळ्या नावाने चालविण्यासाठी? बुद्धाच्या संघात राजपुत्र होते, तसा सुनीत भंगीही होता. त्या शास्त्याचे नाव घेऊन कोणी माणसाचे गाव जाळील, तर तो धम्माचा नव्हे, हे सांगण्याचा पहिला अधिकार आणि पहिले कर्तव्य आपलेच आहे.

आणि हेही विसरू नका की, बौद्ध हेसुद्धा निर्वासित झालेले आहेत. कर्णफुली नदीवरील काप्ताई धरणात चितगाव डोंगरातील चकमा बौद्धांची शेती बुडाली, आणि १९६४ पासून त्यांच्यापैकी हजारो भारतात आले. आजच्या अरुणाचल प्रदेशात त्यांना वसविले गेले. पुढे तेथेही त्यांना हुसकावण्याच्या धमक्या सुरू झाल्या. तेव्हा जानेवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, नागरिक असो वा नसो, प्रत्येकाच्या जीविताचे रक्षण करणे राज्याचे कर्तव्य आहे. हा निर्णय संविधानाच्या एकविसाव्या कलमावर उभा होता. ते कलम उघडून पाहा. तेथे शब्द ‘नागरिक’ असा नाही, ‘व्यक्ती’ असा आहे. ज्याच्यापाशी कोणत्याही देशाचा कागद नाही, तोही त्या शब्दात बसतो. अशा संविधानाच्या देशात निर्वासितांसाठी अद्याप स्वतंत्र कायदा नसावा, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. तो कायदा मागणे हे आपले काम आहे.

तेव्हा चावडीवर किंवा आगगाडीच्या डब्यात कोणी म्हणू लागला की, ‘हे उपरे लोक गरिबांच्या तोंडचा घास काढतात’, तर गप्प बसू नका. त्याची तक्रार शांतपणे ऐकून घ्या, कारण तिच्यात काही अंशी तथ्य असेल. मग त्याला विचारा की, घास अपुरा आहे हे खरे. पण ज्यांची कोठारे भरलेली आहेत, त्यांनी आपला वाटा टाकला काय? आणि तो वाटा आपण भीक म्हणून मागावयाचा, की हक्क म्हणून? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या वाडवडिलांनी बलुत्याच्या पायल्या नाकारून केव्हाच दिलेले आहे.